पहिला डीएसएलआर आणि अंगणातला प्राजक्त

नवा डीएसएलआर कॅमेरा घरी आला की पहिला फोटो घरातल्या माणसांचा निघतो आणि दुसरा फुलाचा. माझंही तसंच झालं. भाद्रपदातली सकाळ, अंगणात प्राजक्ताचा सडा पडलेला. मी ओल्या जमिनीवर बसकण मारली आणि लेन्स फुलाला टेकेल इतकी जवळ नेली. शटरचं बटण दाबलं, पण फोटो निघेना. लेन्स नुसती आत-बाहेर करत घरघरत राहिली. अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर कॅमेरा बिघडलेलाच आला आहे अशी माझी खात्री पटली. कॅमेरा ठणठणीत होता. मीच फुलाच्या नको इतकी जवळ गेले होते.

क्लोज-अपमध्ये नवख्या माणसाची सगळी अडचण अंतरात असते, आणि नंतरची सगळी गंमतही त्यातच असते. म्हणून महागड्या मॅक्रो लेन्सची (अगदी जवळून फोटो काढण्यासाठीच्या खास लेन्सची) चौकशी करण्याआधी कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स घ्या आणि पुढचं सगळं तिच्यावरच करून बघा.

आधी फूटपट्टी, मग फूल

प्रत्येक लेन्सचं एक किमान अंतर असतं. त्याहून जवळ आलेली वस्तू तिला स्पष्ट दिसत नाही. पुस्तक नाकाला लावलं की अक्षरं फिसकटतात ना, तसंच. १८-५५च्या बहुतेक लेन्सचं हे अंतर २५ ते २८ सेंटिमीटर असतं. मात्र ते लेन्सच्या काचेपासून मोजत नाहीत, आतल्या, प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरपासून मोजतात. कॅमेऱ्याच्या माथ्यावर नीट पाहा: एक बारीकसं वर्तुळ आणि त्याला छेदून जाणारी रेघ कोरलेली दिसेल. सेन्सर बरोबर त्या रेघेखाली असतो. तिथून मोजायला लागलं की कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी यातच निम्म्याहून जास्त अंतर संपतं, आणि काचेपासून फुलापर्यंत उरतात फक्त दहा-बारा सेंटिमीटर. म्हणजे वीतभरसुद्धा नाही.

आता टेबलावर उजेडात शाळेतली फूटपट्टी ठेवा. झूम ५५वर न्या. लेन्सवरचं बटण ऑटोफोकसवरून मॅन्युअलवर करा. (निकॉनच्या १८-५५ एएफ-पी लेन्सवर असं बटण नसतं, तिथे हा बदल मेनूत जाऊन करावा लागतो.) फोकसची रिंग सर्वांत जवळच्या टोकाला फिरवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. आता कॅमेरा हळूहळू फूटपट्टीकडे न्या. एका जागी मिलिमीटरच्या रेघा एकदम लख्ख होतील. तिथेच थांबून फोटो काढा आणि चौकटीत डावीकडून उजवीकडे किती मिलिमीटर मावले ते मोजा.

साधारण ६० मिलिमीटर मावतील. नवख्यांसाठीच्या कॅननमध्ये सेन्सरची रुंदी २२.३ मिलिमीटर असते आणि निकॉनमध्ये साधारण २३.५. म्हणजे ६० मिलिमीटरची पट्टी सेन्सरवर एक तृतीयांश आकाराची होऊन उमटली. वस्तू सेन्सरवर आहे तेवढीच उमटली तर त्याला एकास एक म्हणतात, आणि खरी मॅक्रो लेन्स तिथपर्यंत जाते. रुपयाचं चिन्ह असलेलं, २०११च्या मालिकेतलं १ रुपयाचं नाणं साधारण २२ मिलिमीटरचं आहे. एकास एकमध्ये ते चौकटीच्या दोन्ही कडांना टेकतं आणि वर-खाली कापलं जातं. तुमच्या १८-५५मध्ये तेच नाणं चौकटीच्या रुंदीचा जेमतेम तिसरा भाग व्यापेल.

एक तृतीयांश ऐकायला कमी वाटतं, पण तुमच्या २४ मेगापिक्सेलच्या फोटोत ते भरपूर असतं. प्राजक्ताचं फूल साधारण या नाण्याच्याच आसपासचं. थोडं क्रॉप केलं की ते चौकटभर दिसतं.

कॅमेरा कसा लावायचा

हे पटकन उरकू, कारण इथे विचार करण्यासारखं फार नाही. मोड डायल अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेवा, म्हणजे लेन्समधल्या भोकाचा आकार (अ‍ॅपर्चर) तुम्ही ठरवता आणि शटरचा वेग कॅमेरा. कॅननवर एव्ही लिहिलेलं असतं, निकॉनवर ए. अ‍ॅपर्चर एफ/८. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ४०० आणि उजेड कमी असेल तर ८००, नव्या कॅमेऱ्यांत १६००सुद्धा चालतं. फोटो रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्हींत साठवा. रॉचं काय करायचं ते आज कळलं नाही तरी सहा महिन्यांनी कळेल आणि तेव्हा जुने फोटो हाताशी हवेत.

शटरचा वेग बघत राहा. हातात कॅमेरा धरून क्लोज-अप काढताना हाताची थरथरही फुलाबरोबरच मोठी होऊन दिसते. माणसाचा फोटो १/६० सेकंदाला छान येतो म्हणून फुलाचा येईल असं नाही. १/२००च्या खाली जाऊ नका, गेलात तर कॅमेरा कशावर तरी टेकवा.

आणखी एक बारीक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, शेजारी एक छोटं चाक असतं. आतली अक्षरं तुमच्या डोळ्यांना स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरवा. चष्मा असणाऱ्यांनी तर हे पहिल्याच दिवशी करावं. चाक चुकीच्या जागी असेल तर फोकस बरोबर असूनही तुम्हाला पुसट दिसतं आणि तुम्ही बरोबर असलेला फोकस बिघडवत बसता.

फोकस रिंगने नाही, कमरेने

माझ्या मते क्लोज-अपचं सगळं शिक्षण या एका सवयीत आहे, त्यामुळे इथे थोडं रेंगाळते.

आपण जितके जवळ जातो, तितकी स्पष्ट दिसणारी पट्टी पातळ होत जाते. तुमच्या १८-५५वर, सर्वांत जवळून, एफ/८ला ही पट्टी साधारण ३ मिलिमीटर जाड असते. एकास एकच्या मॅक्रो लेन्सवर त्याच एफ/८ला ती जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उरते. त्या पट्टीतलं सगळं धारदार, पुढचं-मागचं विरत जाणारं. अशा वेळी ऑटोफोकस गोंधळतो: कधी पाकळीची कड पकडतो, कधी मागची माती.

म्हणून फूटपट्टीवर केलं तेच फुलावर करायचं. रिंग जवळच्या टोकाला लावून सोडून द्यायची. कोपरं गुडघ्यांवर किंवा जमिनीवर टेकवायची. व्ह्यूफाइंडरमधून बघत कमरेतून अगदी मंदपणे पुढे झुकायचं, जात्यावर दळताना बाई झुकते त्या लयीत, फक्त बोटभर अंतरात. स्पष्टपणाची ती पट्टी फुलावरून सरकताना दिसू लागेल. आधी पाकळीची पुढची कड उजळेल, मग पाकळीचा मध्य, मग केशरी नळीचं तोंड. हव्या त्या जागी ती आली की श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. दाबायचं म्हणजे बोट हळूच खाली रेलायचं, टिचकी मारायची नाही.

एका फुलाचे दहा-बारा फोटो काढा. सवय झालेला माणूससुद्धा एकावर समाधान मानत नाही; आपण आणि फूल, दोघंही सतत हलत असतो.

पट्टी पातळ असली तरी ती सपाट असते, हे लक्षात आलं की निम्मं काम सोपं होतं. कॅमेऱ्याची पाठ आणि वस्तूचा पृष्ठभाग एकमेकांना समांतर ठेवले की सगळी वस्तू पट्टीत बसते. फूल उताणं पडलं असेल तर बरोबर वरून, कॅमेऱ्याची पाठ जमिनीला समांतर धरून काढा. सगळ्या पाकळ्या धारदार येतील. पालथं पडलेलं, देठ वर केलेलं फूल मात्र बाजूने, मातीच्या पातळीवर उतरून काढा. मग देठाची लांबी पट्टीत येते आणि मागचा सडा केशरी-पांढऱ्या ठिपक्यांत विरतो.

कॅमेरा जमिनीवर टेकवायला ट्रायपॉडपेक्षा उशी बरी. बाळाच्या डोक्याखाली ठेवतात तशी मोहरीची उशी असेल तर तीच घ्या. लेन्स तिच्यात रुतते आणि हवी तशी बसते. नसेल तर जुन्या जीन्सचा पाय कापून, तांदूळ भरून शिवून टाका. टेकवलेल्या कॅमेऱ्यात लाइव्ह व्ह्यू लावा, स्क्रीनवर फूल पाच किंवा दहा पट मोठं करून फोकस तपासा आणि दोन सेकंदांच्या टायमरने फोटो काढा, म्हणजे बोटाचा धक्काही लागत नाही.

अ‍ॅपर्चर एफ/२२ करून पट्टी जाड करू, असा मोह सगळ्यांना होतो. करून बघा आणि कॉम्प्युटरवर शंभर टक्क्यांवर पाहा: पट्टी जाड झालेली असेल, पण सगळाच फोटो किंचित मऊ पडलेला असेल. बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्याचा हा परिणाम. जवळून काढताना तो आणखी वाढतो. मी एफ/८ ते एफ/११मध्येच राहते.

उजेड, छत्री आणि पांढरं फूल

कडक उन्हात पाकळी पांढरीफटक होते आणि सावली काळीकुट्ट. सकाळी आठच्या आधी किंवा ढगाळ दिवशी काढा. ऊन आलंच तर छत्री उघडून सावली धरा. ती वाराही अडवते. छत्री काळी किंवा पांढरी हवी. एकदा मी लाल छत्री धरली होती आणि सगळा प्राजक्त गुलाबी आला. सावलीच्या बाजूने पांढरा पुठ्ठा किंवा थर्मोकोलचा तुकडा धरला की परावर्तित उजेड देठाच्या खालच्या अंगाला भरून येतो. हा पुठ्ठा फुलाजवळ आणताना आणि दूर नेताना व्ह्यूफाइंडरमधून बघा. फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसला की फ्लॅशची घाई राहत नाही.

पांढऱ्या फुलाच्या बाबतीत कॅमेरा हमखास चुकतो आणि दोन्ही दिशांनी चुकतो. फूल पांढरं आहे हे त्याला कळत नाही. चौकटीतला सगळा उजेड मिळून मध्यम करड्या छटेचा आहे असं तो धरून चालतो. काळ्या ओल्या मातीवर एकच प्राजक्त असेल तर त्याला चौकट अंधारी वाटते, तो फोटो उजळवतो आणि पाकळीवरच्या रेषा धुऊन जातात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-अंधारा करण्याची सोय) उणे दोन तृतीयांश किंवा उणे १ करा. तगरीचं किंवा अनंताचं फूल चौकटभर असेल तर उलट: कॅमेरा त्याला करडं करून टाकतो, म्हणून अधिक १ करावं लागतं. फोटो काढल्यावर जास्त उजळलेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय मेनूत असते, ती चालू ठेवा. पाकळी लुकलुकली तर आणखी कमी करून पुन्हा काढा.

काय चुकलं ते फोटोच सांगतो

घरी आल्यावर फोटो शंभर टक्के मोठे करून बघा आणि डिलीट करण्याआधी प्रत्येक बिघडलेल्या फोटोत कुठे तरी काही स्पष्ट आहे का ते शोधा. फुलापुढची माती धारदार आणि फूल पुसट असेल तर बटण दाबताना तुम्ही मागे रेलला होतात. फुलामागची माती धारदार असेल तर पुढे. काहीच धारदार नसेल आणि दवाचे थेंब एकाच दिशेने रेघांसारखे ओढले गेले असतील, तर हात हलला. शटरचा वेग वाढवा. माती धारदार आणि फक्त फूल ओढलेलं असेल तर ती वाऱ्याची झुळूक. माझ्या पहिल्या महिन्यातल्या बऱ्याच फोटोंत फुलापुढची माती फार सुंदर आली आहे. दाबताना मागे जाण्याची सवय मला अशीच समजली.

मग एका सकाळी नळीच्या तोंडावर पट्टी बरोबर बसली आणि केशरी वर्तुळाच्या आत दोन इवलेसे पुंकेसर दिसले. लहानपणापासून ओंजळी भरभरून ही फुलं वेचली होती, हार केले होते, देवाला वाहिली होती. त्या फुलात पुंकेसर दोनच असतात आणि ते नळीच्या तोंडाशी दडून बसतात, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हलणाऱ्या जिवांकडे

फूल जमलं की कीटकांची ओढ लागते. थेट फुलपाखरामागे धावू नका. आधी गोगलगाय, मग जाळ्यातला कोळी. पावसाळ्याच्या शेवटी बागेत सिग्नेचर स्पायडर जाळ्याच्या मधोमध, पाय जोड्या-जोड्यांनी फुलीसारखे ताणून तासन् तास बसलेला असतो. त्याच्याइतका चांगला शिक्षक नाही, कारण त्याचं जाळं सपाट असतं. कॅमेऱ्याची पाठ जाळ्याला समांतर धरली की एफ/८लाही आठही पाय एकाच पट्टीत येतात. कॅमेरा जरा तिरका झाला की चार पाय विरतात.

चतुर आणि टाचणी पहाटे गाठा. रात्रीच्या गारव्याने त्यांचं अंग थंडावलेलं असतं, ऊन लागून स्नायू गरम होईपर्यंत त्यांना उडता येत नाही, शिवाय पंखांवर दव असतं. वाकून, हळू जा आणि तुमची सावली त्यांच्यावर पडू देऊ नका. फोकस डोळ्यावर, डोळा धारदार असला की पंखाचं टोक विरलेलं चालतं. किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करायचा, फुलपाखराला चिमटीत धरून फांदीवर बसवायचं, असे उपाय लोक सांगतात. ते करू नका. उडून गेला तर गेला, दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊ.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश इतक्या जवळून वापरला की लेन्सचीच सावली चौकटीच्या खालच्या भागात पडते. ट्रेसिंग पेपरचा तुकडा फ्लॅशपुढे, लेन्सच्या टोकापर्यंत येईल असा कमानीसारखा चिकटवा. उजेड पसरतो आणि सावली पातळ होते.

आणखी जवळ जायचं असेल तर

दोन-तीन महिने १८-५५वर हात बसल्यावर मगच पैसे खर्च करा. घरात ५५-२५० किंवा ७०-३०० लेन्स असेल तर तिच्या तोंडावर लावायची क्लोज-अप काच हा सगळ्यांत सोपा मार्ग. अधिक ४ नंबरची काच असेल तर वस्तू काचेपासून २५ सेंटिमीटरवर येते आणि २५०च्या झूमवर थेट एकास एक मिळतं. एकेरी भिंगाच्या स्वस्त काचांमध्ये कडेला जांभळट-हिरवी किनार दिसते. एकाहून जास्त भिंगं जोडून केलेली काच घ्या. रेनॉक्सची डीसीआर-२५० अशीच आहे. ती अधिक ८ची आहे, म्हणून वस्तू साडेबारा सेंटिमीटरवर येते.

५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब बरी. आत काच नसते, लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे ढकलणारी ती नुसती पोकळ नळी. २५ मिलिमीटरची नळी ५०च्या लेन्सला आणखी अर्ध्या पटीची वाढ देते. नळीची लांबी भागिले लेन्सचा आकडा, इतकं सोपं गणित. विद्युत संपर्काचे सोनेरी ठिपके असलेली नळीच घ्या. ते नसले तर कॅमेऱ्यातून अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. सर्वांत स्वस्त म्हणजे लेन्स उलटी बसवायची रिंग. तिने वाढ भरपूर मिळते, पण वस्तू लेन्सपासून चार-साडेचार सेंटिमीटरवर आणावी लागते आणि लेन्सची मागची नाजूक काच उघडी पडते. ती घरात नाण्यावर, नोटेवर, मिठाच्या खड्यावर वापरा.

मॅक्रो लेन्स घ्यायचीच झाली तर आकड्यापेक्षा अंतर विचारा. निकॉनची ४० मिलिमीटरची मायक्रो एकास एकला वस्तूच्या तीन-चार सेंटिमीटरवर येते. फुलाला त्याचं काही नाही, चतुर मात्र उडून जाईल. ९० किंवा १००ची लेन्स तेच काम साधारण १४-१५ सेंटिमीटरवरून करते.

साताऱ्याजवळ कास पठारावर ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत जाणार असाल तर लांब झूम आणि क्लोज-अप काच हीच जोडी न्या. तिथली सीतेची आसवं आणि दवबिंदू ही रोपं बोटाच्या नखाएवढी फुलं धरतात आणि कातळावरच्या पाण्याच्या पातळ थरात दाटीने उगवतात. आडवं पडून एक फूल टिपताना अंगाखाली शंभर चिरडतात. पायवाटेवरून, कडेची फुलंच काढा. ती पुरेशी आहेत.

पावसाळ्यातली काळजी

कोकणात आणि घाटात कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाऊस नसून दमट हवा असते. माझी पहिली लेन्स मी पावसाळाभर रेक्झिनच्या कव्हरमध्ये कपाटात ठेवली होती. नवरात्रात काढली तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरले होते. ती बुरशी होती आणि दुरुस्तीचा खर्च नव्या लेन्सइतका निघाला.

स्वयंपाकघरात वापरतो तसा घट्ट झाकणाचा मोठा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि दोनतीनशे रुपयांचं आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. नारिंगी खडे हिरवट झाले की ओल भरली असं समजा आणि जुन्या, स्वयंपाकाला न वापरायच्या भांड्यात मंद आचेवर तापवून घ्या. निळ्या खड्यांतलं रसायन विषारी असतं, ते घरात नकोतच. एसीच्या खोलीतून बाहेर जाताना कॅमेरा बंद बॅगेत अर्धा तास बाहेरच्या हवेत ठेवा, नाहीतर काच धुरकट होते आणि तेवढ्यात दव सुकतं. काचेवर धूळ बसली तर रबरी फुंकणी वापरा. तोंडाने फुंकलं की थुंकीचे कण उडतात. आणि लेन्स नुसती जपून ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी उजेडात काढून वापरा.